छावणीचा मध

आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला आधी हात धुवावे लागत. देवळात शिरताना पाय धुतात तेवढ्यावर भागायचं नाही. आधी दोनदा साधं पाणी, मग वरून डिस्टिल्ड पाणी, आणि नंतर हात हवेत धरून वाळू द्यायचे. रुमालाला पुसायचे नाहीत, कारण रुमालात घाम आणि घामात मीठ. एकदा तपासणीला आलेले वरिष्ठ अधिकारी असे दोन्ही हात वर करून व्हरांड्यात उभे होते, तर रस्त्यावरच्या लोकांना वाटलं की आत दरोडा पडलाय.

हे सगळं आमच्या रसायनतज्ज्ञ साहेबांपायी. ऑफिसात त्यांना पाठीमागे राखसाहेब म्हणत. हाताला लागेल ते भट्टीत घालून ते त्याची राख करत आणि त्या राखेत कोणते क्षार किती आहेत ते शोधत बसत. आमच्याकडे एक यंत्र होतं. त्याच्या ज्योतीत द्रावणाचा फवारा सोडला की सोडियम किती, पोटॅशियम किती हे काटा सांगायचा. कुणाचं घामेजलेलं बोट बाटलीच्या तोंडाला लागलं तरी काटा उडायचा, आणि काटा उडाला की साहेबही उडायचे. मी त्यांची सहायक. नुकतीच बी.एस्सी. होऊन लागले होते आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. पहिल्या आठवड्यात खारे शेंगदाणे खाऊन कामाला बसले म्हणून त्यांनी मला दिवसभर व्हरांड्यात बसवून ठेवलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, "साहेब वेडा आहे." आई म्हणाली, "पगार वेळेवर देतात ना?"

ते मूळचे मुरुमकडचे. घरात कानडी, ऑफिसात अगदी पुस्तकातली मराठी. मात्र मोजायचं झालं की कानडीत मोजायचे. नळीतून थेंब पडत असायचे आणि साहेब पुटपुटत असायचे, "ओंदु, एरडु, मूरु..." मध्ये कुणी बोललं की काम पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ते पुटपुटायला लागले की शिपाईसुद्धा चपला हातात घेऊन चालायचा.

"कशात आणली?" हा त्यांचा लाडका प्रश्न. एका शेतकऱ्याची माती तपासली तर तीत भलतंच सोडियम निघालं. रान चोपण झालं, त्यात काही पिकायचं नाही, असा शेरा मी लिहूनसुद्धा ठेवला होता. साहेबांनी त्या माणसाला समोर बसवलं आणि विचारलं, "माती कशात आणली?" तो म्हणाला, "पोत्यात." "पोत्यात आधी काय होतं?" माणूस घाबरून गेला. "मीठ व्हतं जी. दुकानदारानं दिलतं पोतं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेरा फाडला.

आणि मध. त्यांच्या खिडकीत मधाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असत. बालाघाटच्या डोंगरातला, तेरणाकाठच्या काळ्या रानातला, नळदुर्गच्या बोरी नदीकडचा. प्रत्येक बाटलीवर गावाचं नाव. माशी फुलातून रस आणते, फुलाला तो मुळातून येतो आणि मुळाला मातीतून, तेव्हा मधाच्या राखेत मातीचा पत्ता सापडलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नोकरीत याचा काडीचा उपयोग नव्हता. पण ते रविवारी येऊन मध जाळत. मी एकदा म्हटलं, "सर, जाळायच्या आधी थोडा चाखून तरी बघा." तर म्हणाले, "जीभ लाच खाते, बाई. गोड लागलं की चांगलंच म्हणते." त्यांनी कधी मधाचं बोट चाटलं नाही. दुसरा नियम असा, की ज्याचा नमुना प्रयोगशाळेत आहे त्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. कामाच्या आड माणूस येता कामा नये.

हा त्यांचा नियम पुढे चांगलाच महागात पडला.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. धाराशिवात टँकर आला की बाया घागरी घेऊन पळायच्या आणि आमच्याकडे डिस्टिल्ड पाण्याच्या यंत्राला थंडाव्यासाठी पाणी लागायचं. लोक खिडकीतून बघून शिव्या द्यायचे. साहेबांनी ते गरम होऊन बाहेर पडणारं पाणी पिंपात साठवून चाळीतल्या बायांना वाटायला सुरुवात केली, तरी शिव्या काही थांबल्या नाहीत. त्यात मध जाळल्याचा वास. घराघरात मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या लाल भाकरी, दुष्काळी कामावर मिळणारी सरकारी सुकडी, आणि आमच्या धुराड्यातून हलवायाच्या दुकानासारखा घमघमाट. शिपाई एकदा तोंडावर म्हणाला, "सायब, लोकास्नी चहात टाकायला गूळ मिळंना आन् तुमी मध जाळायलाव." साहेब म्हणाले, "हो." आणि भट्टीचं दार लावलं.

त्या उन्हाळ्यात नळदुर्गच्या अलीकडच्या एका गावातून मधपाळांच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन आले. काखेत पत्र्याचा डबा. हात धुवायला सांगितल्यावर त्यांनी मुकाट्यानं धुतले, यावरून माणूस अडचणीत आहे हे मला कळलं.

डब्यातला मध काळा होता. आपल्याकडचा मध तांबूस, फार तर काळपट होतो. हा डांबरासारखा.

"सोलापूरच्या व्यापाऱ्यानं डबा परत धाडलाय," चेअरमन म्हणाले. "म्हंतो, ह्यात मळी मिसळली. आमच्या सभासद गयाबाईचा डबा हाय ह्यो. पुन्यांदा आसं झालं तर सोसायटीचा एक थेंब घेणार न्हाय म्हंतो. सगळ्यांच्या पेट्या जातील साहेब. इज्जतीचा सवाल हाय. बाईनं भेसळ केली का न्हाय एवढं सांगा, म्हंजी तिला काढून टाकतो आन् बाकीचे वाचतेत."

मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा, चिकट रस. साहेबांनी मध जाळला. राख नेहमीच्या मधापेक्षा कितीतरी जास्त निघाली, पोटॅशियमनं काटा टोकाला गेला आणि चुना तर एवढा की फुलातून येणं शक्यच नाही. मळीच होती. मी म्हटलं, "झालं की सर. शेरा लिहू?"

"पोत्यात आधी काय होतं?" साहेब म्हणाले. मी पेन खाली ठेवलं.

ते पुन्हा थेंब मोजायला लागले. संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून समजावलं. मळीत उसाची साखर असते. माशी रस पोटात नेते तेव्हा त्या साखरेचे दोन तुकडे करते. बाईनं डब्यात वरून मळी ओतली असती तर उसाची साखर बरीचशी तशीच सापडायला हवी होती. इथं जवळजवळ सगळी तुटलेली. "म्हणजे मळी खरी आहे," साहेब म्हणाले, "पण ती माशीच्या पोटातून आली आहे. दुष्काळात माशीला मळी मिळाली कुठे?"

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं आम्ही त्या गावाला गेलो. गयाबाईचं घर बौद्ध वस्तीच्या कडेला, अंगणात चिंचेखाली सोसायटीनं दिलेल्या मधमाश्यांच्या पेट्या. बाई चाळिशीची, काटक. आम्हाला बघून तिनं घोंगडी अंथरली, चूल पेटवली. चहाचं आधण ठेवलं तसे साहेब म्हणाले, "चहा नको. मी घेणार नाही."

"पाणी?"

"पाणीही नको."

बाईचा चेहरा बदललेला मी पाहिला. तिनं आधण खाली उतरवलं, हळूच. मग म्हणाली, "आमच्या घरचं चालत न्हाय व्हय सायब? चेअरमनसायबास्नी बी चालत न्हाय. पर ते बोलून दावत न्हाईत, चहा वर्ज्य हाय म्हंतेत."

साहेब उभेच राहिले. त्यांना त्यांचा नियम सांगता आला असता. सांगितला असता तरी बाईला खरा वाटला नसता, आणि त्यांना ते कळलं असावं. कान लाल झाले, ओठ हलले, बहुधा आकडे मोजत होते. शेवटी ते पेट्यांकडे वळले आणि माश्या कोणत्या दिशेनं येतात ते बघत बसले. मी मात्र शरमेनं अर्धी झाले.

माश्या ओढ्यापलीकडून येत होत्या. पलीकडच्या माळावर दुष्काळाची गुरांची छावणी होती. शेकडो गुरं दावणीला, हाडं मोजून घ्यावीत अशी. चारा नव्हताच, म्हणून उसाच्या चिपाडांवर कारखान्याची मळी शिंपडून द्यायचे, आणि जनावराला ताकद यावी म्हणून मळीत थोडा युरिया विरघळवायचे. ज्या टाकीत ते कालवत तिच्या काठावर माश्या काळ्या थरानं बसल्या होत्या. सगळ्या शिवारात फूल नव्हतं. त्यांना गोड म्हणून एवढंच सापडलं होतं.

साहेबांनी टाकीतला नमुना घेतला. कालवणाऱ्या माणसाला युरिया किती, पाणी किती ते विचारून घेतलं. त्या माणसाचं नाव काय, तो कोण, हे विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात तो प्रश्नच नव्हता.

दोन दिवसांनी आम्ही परत गावात आलो, तेव्हा सोसायटीची सभा शाळेच्या खोलीत भरली. साहेब एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते. बाई कडेला बसली होती, तिच्या मागं भिंतीला टेकून तिचा नवरा भीमराव. साहेबांनी नळीत तो मध पाण्यात विरघळवला, कॉस्टिक सोडा टाकला आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. थोड्या वेळात नाकात झोंबणारा उग्र वास सुटला. नळीतून खोलीत पसरला.

"हा वास कुठला?" साहेबांनी विचारलं.

एक म्हातारा सभासद म्हणाला, "छावणीचा. गुरांच्या मुताचा."

"बरोबर. युरिया तापला की असा वास सुटतो. मळी कारखान्यात कुठेही मिळेल, पण युरिया घातलेली मळी या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी आहे. हा मध छावणीतला आहे." त्यांनी नळी उंच धरली. एखादी जमीन कुठल्या नकाशात बसते ते शोधून काढल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

कुणीच मान डोलावली नाही. मग चेअरमन सावकाश म्हणाले, "छावणीवर मळी कालवायला कोण हाय?"

सगळ्यांच्या माना भीमरावकडे वळल्या. तेव्हा मी त्याला ओळखलं. टाकीजवळचा माणूस हाच.

"जनावराच्या तोंडचं चोरून माश्यास्नी घातलं व्हय रं?" कोणीतरी मागून ओरडलं. "गुरं मरायलीत तिथं!"

साहेब हातात नळी धरून उभेच. भेसळीचा आळ जाऊन चोरीचा आला होता, आणि तोही दुष्काळी मदतीच्या चोरीचा. भेसळीत पेट्या गेल्या असत्या, ह्यात भीमराव तुरुंगात गेला असता. मला साहेबांचा इतका राग आला की ती नळी हिसकावून फोडावी असं वाटलं. यांना मधाचा पत्ता लागतो, आणि खोलीत बसलेला माणूस दिसत नाही.

"पोलीस पाटलाला बोलवा," चेअरमन म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मी आजही सांगेन. त्यांच्या कपाळावर घाम होता. "माझा बी नाइलाज हाय. उद्या सरकार इचारंल, तवा म्या काय सांगू?"

गयाबाई उठली. आवाज चढला नाही तिचा. "सायब," ती सरळ साहेबांना म्हणाली, "तुमाला राखंतलं समदं दिसतंय. मग ही मळी म्या आणली का माशीनं आणली, एवढंच का दिसंना? म्या सांगून कोण आयकतंय? माशीलाच इचारा की."

दोघे-तिघे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी नळी खाली ठेवली आणि म्हणाले, "विचारू. कुणाकडे नीळ आहे का? चुन्यात घालतात ती."

दुकानातून निळीची पुडी आली. साहेबांनी ती मिलोच्या पिठात कालवली आणि चेअरमननीच निवडलेले दोन सभासद बरोबर घेऊन छावणीकडे निघाले. टाकीच्या काठावर बसलेल्या माश्यांवर ती फुंकायची, आणि त्या कुठं जातात ते बघायचं. भीमरावानं जागचं हलायचं नाही, असं ठरलं. गयाबाईनं पेट्यांना हात लावायचा नाही. "दिस मावळंस्तोवर थांबतो," चेअरमन म्हणाले. "पुढं माझ्या हातात न्हाय."

आम्ही पेट्यांसमोर बसलो. चेअरमन चिंचेच्या मुळावर, बाकीचे उभे, भीमराव उकिडवा, दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे. गयाबाई पदराचं टोक दातात धरून पेटीच्या फटीकडे बघत होती. ऊन भाजत होतं. माश्या येत होत्या आणि आत जात होत्या, सगळ्या आपल्या नेहमीच्या तपकिरी. प्रत्येक माशीला सगळ्यांचे डोळे चिकटायचे आणि सुटायचे. एकजण म्हणाला, "निळ्या माश्या! पोरखेळ चाललाय." दुसरा म्हणाला, "गुराला कळतंय, माशीला काय कळतंय." मी मनात साहेबांना म्हणत होते, नीट फुंका, पाया पडते, नीट फुंका. वाऱ्यानं नीळ उडून गेली तर? पंख जड होऊन माश्या ओढ्यातच पडल्या तर? इतक्या लांबवर पीठ अंगावर टिकेल कशाला? माझ्या बी.एस्सी.च्या पुस्तकांत हे कुठं नव्हतं.

सावली पेट्यांवरून पुढं सरकली. चेअरमननी उठून धोतर झटकलं. पोलीस पाटलाकडे कुणाला पाठवावं ते बघत त्यांनी मान वळवली.

"आली," गयाबाई म्हणाली.

फळीवर एक माशी उतरली होती. पाठ निळी, पायही निळे. दारावरच्या माश्यांनी तिला घेरलं, हुंगलं, आणि ती त्यांच्यामधून वाट काढत आत गेली. मग आणखी एक आली. मग दोन बरोबरच. म्हातारा सभासद वाकून बघायला लागला आणि "आरं तिच्या मायला!" म्हणाला. भीमरावानं हात गुडघ्यांवरून काढून तोंडावर घेतले. गयाबाई रडली नाही. तिनं पदर दातातून काढला आणि नीट डोक्यावर घेतला.

साहेब ओढ्यातून वर येताना दिसले. शर्ट, मिशी, हात, सगळे निळे. ज्या हातांना घामाचा डाग चालत नसे त्या हातांवर आता नीळ, मळी, घाम असं सगळं होतं, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "आल्या?" मी मान हलवली. मग ते चेअरमनकडे वळले. "आता तुमच्या पेट्या बघू."

"माझ्या कशाला?"

"छावणीपासून तुमच्या जवळ आहेत."

सगळा घोळका चेअरमनच्या रानात गेला. तिथं बांधावरच्या पेट्यांच्या फळ्यांवर निळे ठिपके चालत होते, गयाबाईकडच्यापेक्षाही जास्त. चेअरमन बराच वेळ वाकून बघत राहिले. व्यापाऱ्यानं गयाबाईचा डबा आधी उघडला एवढंच. दुसरा कुठलाही उघडला असता तरी तोच काळा रस निघाला असता.

"ह्या साली मध इकायचा न्हाय," ते शेवटी म्हणाले. "कुणाचाच. माझा बी." मग भीमरावाकडे न बघता, "उद्या कामावर जा." आणि थोडं थांबून, "गयाबाई, पेट्या तुझ्या तुझ्याकडंच." माफी मागितली नाही. पण हे सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले.

एस.टी.ला वेळ होता. साहेब गयाबाईच्या अंगणात परत गेले आणि घोंगडी अंथरायची वाट न बघता खालीच बसले. "नमुन्याचं काम संपलं," ते म्हणाले. "परवाचा चहा राहिलाय माझा."

बाईनं चुलीत काटक्या सारल्या. मग म्हणाली, "घरात साखर न्हाय सायब. गूळ बी न्हाय." तिनं आम्ही प्रयोगशाळेतून परत आणून दिलेल्या त्या डब्याकडे बोट दाखवलं. "गोड म्हणून हेच हाय."

"चालेल," साहेब म्हणाले.

चहा झाला. तिनं तीन कप आणले. तिसरा चेअरमनपुढं धरला, ते वेशीपर्यंत आम्हाला पोचवायला आले होते. त्यांनी कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, घेतला. साहेबांनी आपला कप निळ्या बोटांत धरला. त्यात काय आहे हे त्या गावात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. दुपारी त्यांनीच तर सगळ्यांना त्याचा वास दिला होता. ते घोट घोट करून सगळा चहा प्याले, तळाशी राहिलेला घोटसुद्धा, आणि कप उपडा घातला.

एस.टी.त कंडक्टर त्यांच्या हाताकडे बघून तिकीट सीटवर ठेवून गेला. मीही माझा कप संपवला होता. मी विचारलं, "सर, युरिया किती गेला असेल आपल्या पोटात?"

"मोजतोय," ते म्हणाले. पण पुटपुटत नव्हते.

तुळजापूर मागं पडलं तेव्हा मला राहवलं नाही. "चव कशी होती?"

ते खिडकीबाहेरच्या उघड्याबोडक्या रानाकडे बघत होते. "गोड होता, बाई," ते म्हणाले. मग आपले निळे हात उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे आज मी लाच खाल्ली म्हणायची."